शजरा घोडेगावच्या कचेरीत आहे

लग्न जमवायच्या बैठकीत एक प्रश्न ठरलेला असतो. तुमचं खानदान मूळचं कुठलं? मग कुणीतरी बुजुर्ग खाकरून सांगतात, हमारे बडे अरब से आए थे. कुणी काबूल सांगतो, कुणी दिल्ली. कुणी औरंगजेबाच्या फौजेत आपला पूर्वज भरती करून टाकतो. निरगुडसर, अवसरी, पारगाव, ओतूर अशी नावे या उत्तरात येत नाहीत, जरी पाच-सात पिढ्यांची हाडे त्याच मातीत असली तरी.

त्याच घरातला मुलगा सहा महिन्यांनी जात पडताळणी समितीच्या दारात उभा असतो. ओबीसी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागितलेला असतो. अरबस्तान तिथे उपयोगाचे नसते. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा लागतो. तो मिळाला तर त्यात जातीच्या रकान्यात मास्तरांनी लिहिलेले असते, 'मुसलमान'. तांबोळी नाही, पिंजारी नाही, बागवान नाही. मास्तरांच्या लेखी तेवढे पुरेसे होते. आजोबांनाही त्यात काही चुकीचे वाटले नसेल. नातवाचा प्रवेश मात्र त्या एका शब्दावर अडून बसतो.

आणि रात्री मोबाइलवर तिसरा आवाज येतो. तुम्ही बाहेरून आलात. किंवा त्याच माणसाकडून, त्याच दमात, तुम्ही मूळचे आमचेच, बाटवलेले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हे सांगणाऱ्याला कुणी विचारत नाही.

मला असे वाटते की आपल्याबद्दलच्या या तिन्ही गोष्टी, बुजुर्गांची, समितीची आणि मोबाइलवरची, इतक्या निर्धास्त चालतात याचे कारण एकच आहे. आपण आपल्या गावाचे कागद वाचलेले नाहीत. ते कागद आहेत, बऱ्याच प्रमाणात शाबूत आहेत, आणि मराठीत आहेत. फक्त मोडीत आहेत.

समजा तुमचे घर निरगुडसरचे आहे. आंबेगाव तालुका, ठाणे घोडेगाव. कागद शोधायला निघालात तर पहिला धक्का हा बसेल की तालुका हलतो. इंग्रजी अमदानीत आंबेगाव हा स्वतंत्र तालुका नव्हता, खेड तालुक्याचा पेटा होता. तेव्हा आजोबांच्या आजोबांची नोंद 'तालुके खेड' या मथळ्याखाली शोधावी लागते. त्याच्या मागे पेशवाईत गेलात तर 'प्रांत जुन्नर'. ज्या आंबेगावावरून तालुक्याचे नाव पडले ते जुने गाव तर डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याला नाव देणारे गावच जिथे बुडते, तिथे एका वस्तीच्या कबरी, एक पिराचा चौथरा आणि चार घरांची आठवण बुडायला किती वेळ लागणार?

सुरुवात आडनावापासून करावी. आपल्याकडे आडनावांची लाज बाळगायची एक रीत पडली आहे. शहरात आल्यावर मुलाणी, अत्तार, तांबोळी, शिकलगार, नालबंद, मणियार ही नावे मागे पडतात आणि सगळे शेख होतात. शेख होण्याला माझी हरकत नाही. पण मुलाणी हे नाव पुसले की त्यासोबत गावातली एक जागा पुसली जाते. मुलाणी म्हणजे मुलाणा, गावगाड्यातला वतनदार. काही याद्यांत तो बारा बलुत्यांत मोजला आहे, काहींत अलुत्यांत. गावात बोकड कापायचा तर तो मुलाण्याने हलाल करायचा, आणि हे केवळ मुसलमान घरांपुरते नव्हते. मराठ्यांच्या, माळ्यांच्या घरच्या जत्रेचा बोकडही त्याच्याकडे जायचा. पिराची दिवाबत्ती, फातेहा, ताबूत हे त्याच्याकडे. बदल्यात खळ्यावर धान्याचा वाटा, कुठे थोडी इनाम जमीन. त्याचा हा हक्क पाटील-कुलकर्ण्यांच्या हक्कासारखाच वंशपरंपरेचा होता, आणि त्याच्यावर तंटा झाला तर गोतसभा बसायची.

त्या सभेचा जो निवाडा लिहिला जायचा त्याला महजर म्हणत. शब्द अरबी आहे. महजरावर साक्षीदारांच्या निशाण्या असतात. पाटलाच्या नावापुढे नांगर, इतरांच्या नावापुढे त्यांच्या त्यांच्या कामाची हत्यारे. ज्या कागदात मुलाणी साक्षीला आहे, त्या कागदात तो गावाचा माणूस आहे. पाहुणा साक्ष देत नाही.

आता मोडीबद्दल. आपल्यातल्या अनेकांना वाटते की मोडी हे बामणी काम आहे, आपल्याला त्यात काय समजणार. एक जुना कागद हातात घ्या आणि तारीख वाचा. 'सन सलास सितैन मया व अलफ.' ज्या मुलाने मकतबात अरबी अंक घोकले आहेत त्याला हे ऐकताच कळेल: तीन, साठ, शंभर आणि हजार. म्हणजे 1163. हा शुहूर सन. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन निघतो, इथे 1762-63. हे वर्ष मृगाच्या सुमारास, पेरणीच्या तोंडावर सुरू होते. पुढे महिना येतो तोही मोहरम, सफर, रबिलावल, जमादिलाखर. पेशव्यांच्या कारकुनाने, जानवे घातलेल्या माणसाने, रोजच्या कामात हे लिहिले आहे आणि त्यात त्याला काही वावगे वाटलेले नाही. आज मोडी शिकणाऱ्या वर्गात इतर विद्यार्थ्यांना हे शब्द कोष्टक करून पाठ करावे लागतात. तुम्हाला ते फुकट मिळाले आहेत. तरी वर्गात आपण नसतो.

आणि तो कागद कुणी बनवला? पेशवाईच्या दफ्तरात दौलताबादी आणि अहमदाबादी कागदाबरोबर जुन्नरी कागदही वापरात होता. जुन्नरला हाताने कागद बनवणारे कागदी हे मुसलमान कारागीर. या मुलखाचा इतिहास ज्या कागदावर लिहिला गेला त्यातला काही कागद निरगुडसरहून दिवसभराच्या चालीवरच्या गावात आपल्याच माणसांनी उन्हात वाळवला. पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला. कागदी हे आडनाव मात्र अजून कानावर पडते.

जुन्नरचे नाव निघालेच आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी. निजामशाहीचा पाया मलिक अहमदने 1490 मध्ये घातला तेव्हा त्याचा तळ जुन्नर होता, अहमदनगर वसले ते नंतर. या मलिक अहमदचा बाप मलिक हसन बहिरी. फरिश्ता हा इतिहासकार सांगतो की तो मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्याच्या घरातला, लहानपणी बहमनी फौजेच्या हाती लागला आणि मुसलमान झाला. इथवर अनेकांना माहीत असते. पुढचे फारसे कुणी सांगत नाही. मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा गादीवर आल्यावर त्याने वऱ्हाडच्या इमादशाहीकडे पाथरी मागितली, का तर ते आपल्या पूर्वजांचे गाव आहे. मिळाली नाही तेव्हा लढून घेतली, आणि तिथल्या आपल्या ब्राह्मण भाऊबंदांकडे तिचा कारभार दिला. म्हणजे सोळाव्या शतकात एक मुसलमान सुलतान आपला शजरा मक्केत नाही, पाथरीच्या कुलकर्ण्याच्या वाड्यात शोधत होता, आणि त्यात त्याचे इमान कमी झाले असे त्याला वाटत नव्हते. आपल्या बैठकीतल्या बुजुर्गांनी ही गोष्ट ऐकली तर ते काय म्हणतील याची मला उत्सुकता आहे.

पण सावध राहा. सुलतानाचा इतिहास लिहायला फरिश्ता होता. मुलाण्याचा लिहायला कुणी नव्हते. तुमच्या घरात कलमा नेमका कधी पढला गेला, कोणत्या साली, कुणाच्या हातून, याचा कागद बहुतेक घरांना सापडणार नाही. ती जागा रिकामी सोडा. रिकाम्या जागेत तलवार भरणारे लोक तयार बसलेले आहेत, आणि सुफी बाबांची करामत भरणारेही. इंग्रजांचे पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर 1885 मध्ये तीन भागांत निघाले. त्यात मुसलमानांची एकेक जात घेऊन लिहिले आहे, अत्तार कसे, तांबोळी कसे, कोण कष्टाळू, कोण उधळ्या. आणि जातीमागून जात 'औरंगजेबाच्या काळात धर्म बदलला' हे जवळजवळ ठशाने उमटवलेले. हे कुणी तपासलेले नव्हते, कुणाच्या तरी तोंडचे ऐकून टिपले होते. आज दोन्ही बाजूंचे लोक तेच पुरावा म्हणून फेकतात. गॅझेटियर जरूर वाचा, त्यात तुमच्या गावाच्या आसपासचे बाजार, हुन्नर, रस्ते सापडतील. फक्त त्याची आयत करू नका.

मग खरे कागद कुठे? पेशवे दफ्तर पुण्यात आहे, राज्य पुराभिलेखागारात, कोट्यवधी कागदांच्या रुमालांत बांधलेले. 1930 ते 1934 या काळात गो. स. सरदेसायांनी त्यातून निवडून 45 खंड छापले. मोठे काम होते यात शंका नाही. पण निवड म्हणजे कुणाची तरी आवड. लढाया, वकील, खलबते छापली गेली. गावचे हिशेब, बलुत्यांचे तंटे, पिराच्या दिवाबत्तीचे दोन बिघे बहुतांशी रुमालातच राहिले. आपला इतिहास हा न छापलेल्या कागदांतला इतिहास आहे. इनाम कमिशनचेही तेच. 1852 च्या कायद्याने इंग्रज सरकारने प्रत्येक इनामदाराला सनद दाखव म्हणून फर्मावले, तेव्हा मशिदी, दर्गे, काझी, मुलाणी यांनीही आपापले कागद पुढे केले. सरकारने ते जमिनी हिसकावण्यासाठी तपासले. आपल्यासाठी मात्र ती तपासणी एक खजिना ठेवून गेली.

दफ्तरात जाण्याआधी तालुक्याला जा, ते सोपे आहे. घोडेगावच्या तहसील कचेरीत आणि भूमी अभिलेखात फेरफार आहेत, जुने सातबारा आहेत, कडईपत्रके आहेत. गाव नमुना 3 ही दुमाला जमिनींची नोंदवही. देवस्थान इनाम वर्ग 3 या शेऱ्याखाली मंदिरांबरोबर मशीद आणि पीरही सापडतात. गाव नमुना 14 मध्ये जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी आहेत, आणि तिथे कारकुनाने जात लिहिताना शाळामास्तरांइतकी काटकसर नेहमी केलेली नाही. जिथे शाळेच्या उताऱ्यात 'मुसलमान' आहे तिथे चुलत पणजोबाच्या मृत्यूच्या नोंदीत 'मुलाणी' किंवा 'पिंजारी' निघू शकतो. सरकारच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर यातला काही भाग घरबसल्या पाहता येतो.

मराठा समाजाने हे करून दाखवले आहे. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी गावोगावची दप्तरे उघडली. लाखो नोंदी निघाल्या. मोडी वाचणारी माणसे कमी पडू लागली. त्या आंदोलनाच्या मागण्यांबद्दल तुमचे मत काही असो, पण नमुना 14 आणि कोतवाल बुक हे शब्द त्यांच्या पोरांना पाठ झाले. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी कितीतरी आधी उभी केली, 1990 च्या दशकात सवलती पदरात पडल्या. यादीत नाव आले. त्या यादीपर्यंत पोहोचवणारा कागद शोधायचे काम आपण घरोघरी एकेकट्याने, वकिलाच्या किंवा एजंटाच्या भरवशावर करत बसलो. एका गावात एकाच कुळाची चार पोरे चार वेळा तोच उतारा काढतात आणि एकमेकांना सांगत नाहीत.

वक्फचे तर विचारूच नका. 2025 च्या सुधारणा कायद्याने वापरावरून ठरणाऱ्या वक्फची वाट पुढच्या काळासाठी बंद केली आणि उमीद पोर्टलवर कागद चढवायला सांगितले. त्या कायद्यावर टीका करायला भरपूर जागा आहे आणि ती केलीच पाहिजे. पण गावच्या कबरस्तानाचा गट नंबर मुतवल्लीला सांगता येत नाही, ही अडचण कायद्याच्या आधीपासूनची आहे. मोर्चाला जाणाऱ्या दहा पोरांपैकी दोघांनी जरी आपल्या गावचा नमुना 3 पाहिला असता तरी चित्र वेगळे असते.

आपल्यातून दोन आक्षेप हमखास येतात.

पहिला असा की इस्लाममध्ये जात नाही, मग मुलाणी-तांबोळी उकरून काढायचे कशाला? इस्लाममध्ये नसेल. निरगुडसरच्या गावगाड्यात होती, आणि आपल्या सोयरिकींत अजून आहे. अश्रफ खानदानाच्या शोधात अरबस्तानपर्यंत जाणारा माणूस जात मोडत नसतो, वरची जात मागत असतो. कागदात पिंजारी निघाला म्हणून बैठकीतली मान खाली जात असेल तर आक्षेप कागदावर घ्यायचा की मानेवर?

दुसरा आक्षेप अधिक सभ्य भाषेत येतो आणि मला तो जास्त टोचतो. 'बरं होईल, आपण इथलेच आहोत हे सिद्ध होईल.' कुणापुढे? शिवनेरीवर कमानी मशीद आहे, तिच्या खाली टाके आहे, गडावर ईदगाह आहे. शिवरायांच्या जन्मस्थानाच्या त्याच गडावर. आपल्या सभांत हे नेहमी सांगितले जाते, जणू एखादे ओळखपत्र दाखवावे तसे. मला गडावरची मशीद प्रिय आहे, पण ती ओळखपत्र नाही. शेजारच्या माळ्याला किंवा धनगराला आपण इथले आहोत हे कागदाने दाखवावे लागत नाही, तर आपणही ते दाखवण्यासाठी शोधू नये. आपल्या आजोबांचे आजोबा खळ्यावर किती पायली धान्य आणत, काझीशी निकाहाच्या फीवरून भांडत की नाही, दुष्काळात जमीन कुणाकडे गहाण पडली, हे जाणून घ्यायचा आनंद आणि हक्क आपलाही आहे. त्यात न शोभणारेही निघेल. पिराचे इनाम आपल्याच माणसाने खोटा फेरफार करून विकल्याचेही निघेल. तेही लिहा.

या सगळ्या कागदांत एक मोठी पोकळी आहे: बायका. सातबारावर बाप, मुलगा, भाऊ. महजरावर पुरुष. बाई येते ती बहुधा विधवा झाल्यावर, 'अमुकची बायको' म्हणून, किंवा हक्कसोड पत्रावर अंगठा देताना. हे फेरफार काढून पाहा. भावांच्या बाजूने हिस्सा सोडणाऱ्या बहिणींचे अंगठे एकाखाली एक दिसतील. कुरआनाने दिलेला वाटा कुठे गेला याचा तो सरकारी पुरावाच आहे, आणि आपल्या समाजात त्यावर कुणी तकरीर करत नाही.

बायकांची नावे एका ठिकाणी मात्र हमखास असतात, निकाहाच्या रजिस्टरात. नवरी, तिचा बाप, गाव, मेहर, वकील, गवाह. या नोंदी काझीच्या घरी असतात, उर्दूत, कधी लोखंडी पेटीत, कधी माळ्यावर उंदरांच्या सोबतीला. यातून कळते की निरगुडसरची मुलगी कुठे दिली आणि ओतूरची कुठून आणली, म्हणजे आपल्या खानदानाचा खरा नकाशा कळतो. आपले शजरे बापाकडून बापाकडे धावतात. पण गावात टिकलेले घर बहुधा कुठल्यातरी बाहेरगावहून आलेल्या सुनेने टिकवलेले असते, आणि तिच्या माहेरचे नाव घरातल्या एखाद्याच दादीला माहीत असते.

म्हणून क्रम उलटा करा. दफ्तर पन्नास वर्षे थांबेल, दादी थांबणार नाही. या सुटीत तिच्याजवळ बसा, मोबाइल चालू ठेवा आणि तिच्या बोलीतच बोलू द्या, शुद्ध करू नका. 'आपण कोण?' असे विचारू नका, ती तेच अरबस्तान सांगेल, तिलाही तेच शिकवले आहे. तुझी माँ कुठल्या गावची, तिची माँ कुठली, लग्नात बैलगाड्या कुठून निघाल्या, उरुसात पहिला नैवेद्य कुणाच्या घरचा, कबर खणायला कोण यायचे, असे विचारा. एकेका नावापुढे गाव लिहा. मग काझींकडे जा आणि रजिस्टर घरी मागू नका, तिथेच बसून पानापानाचा फोटो घ्या, एक प्रत त्यांनाही द्या. कबरस्तानात बहुतेक कबरी कच्च्या असतात, दगड नसतो. कुणाची कबर कुठे हे सांगू शकणारा एक म्हातारा गावात अजून असेल. त्याला सोबत नेऊन साधा नकाशा काढा.

मोडीचे वर्ग पुराभिलेख संचालनालय घेते, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळही घेते. एका गावातून एकाने शिकले तरी पुरे. निरगुडसर, अवसरी, मंचर, पारगाव मिळून चार मुले-मुली झाली तर सगळ्या पट्ट्याचे काम होईल. आणि त्यातली किमान दोन मुली असाव्यात, कारण काझींच्या घरात आतल्या माळ्यावरची पेटी बायकांनाच ठाऊक असते.